प्रभूच्या प्रार्थनेची शेवटची ओळ : प्रकल्प नोंदी

९ जून

काल आत्याकडे काकांच्या पहिल्या स्मृतिदिनाची प्रार्थना होती. माझं आजोळ वसईचं, कॅथलिक. वडिलांकडचे सगळे अहमदनगरचे, प्रोटेस्टंट. प्रभूची प्रार्थना, म्हणजे येशूने शिष्यांना शिकवलेली, सुरू झाली तेव्हा वीस-बावीस माणसांचा एकच आवाज होता. ‘आम्हांला वाइटापासून सोडव’ इथपर्यंत आलो आणि आजोळची माणसं ‘आमेन’ म्हणून थांबली. नगरकर पुढे गेले : ‘कारण राज्य, सामर्थ्य आणि गौरव ही सर्वकाळ तुझीच आहेत.’ अर्धी खोली हात जोडून गप्प, अर्ध्या खोलीतून आवाज. हे मी लहानपणापासून ऐकत आले आहे. पण काल धाकट्या भाचीने सगळ्यांसमोर विचारलं, “येशूने कुठपर्यंत शिकवली होती?” कुणीच उत्तर दिलं नाही.

घरी येऊन मत्तय ६:१३ उघडलं. माझ्याकडच्या मराठी बायबलात ती ओळ चौकटी कंसात आहे, म्हणजे ती मुळातली आहे का याबद्दल शंका. लूक ११ मधल्या प्रार्थनेत ती नाहीच.

अभ्यासगटासाठी यंदा काहीतरी हाती घ्यायचं होतं, तर हेच घेते. प्रश्न एकच : ही ओळ मत्तयाच्या शुभवर्तमानात (मत्तयाने सांगितलेल्या येशूच्या चरित्रात) मुळात होती का? साक्षीदार म्हणून बोलवायचे ते मंडळीचे (ख्रिस्ती समाजाचे) आद्यपिते, म्हणजे पहिल्या चार शतकांतले ख्रिस्ती लेखक. एक्सेलमध्ये रकाने आखले : लेखक, गाव, साल, ग्रंथ, ओळ आहे की नाही, लिहिताना समोर पोथी होती की तोंडपाठ म्हणत होता, आणि त्याचा स्वतःचा ग्रंथ आपल्यापर्यंत कोणत्या हस्तलिखितातून आला. शेवटचे दोन रकाने भरताना घाम फुटणार हे दिसतंच आहे. अवतरणांचं मराठी सगळीकडे माझं.

१२ जून

आधी पोथ्यांचं पाहून घेतलं, कारण ते झटपट होतं. चौथ्या शतकातल्या सायनायटिकस आणि व्हॅटिकॅनस या दोन्ही मोठ्या पोथ्यांत ओळ नाही. बेझा पोथीत नाही. जेरोमच्या लॅटिन भाषांतरात नाही, आणि कॅथलिक परंपरा त्याच्यावर चालत आली, म्हणून वसईच्या प्रार्थनेत नाही. वॉशिंग्टनला ठेवलेल्या, चौथ्या-पाचव्या शतकाच्या सुमाराच्या पोथीत आहे आणि पुढच्या बहुसंख्य ग्रीक पोथ्यांतही आहे. इरॅस्मसने १५१६ साली छापलेल्या ग्रीक आवृत्तीत ती आली, तिथून लुथरच्या जर्मन आणि १६११ च्या इंग्रजी बायबलात, आणि मग प्रोटेस्टंट मिशनांबरोबर आमच्या नगरला.

मग आद्यपित्यांना कशाला विचारायचं? कारण पोथीला पत्ता नसतो. सायनायटिकस कुठे लिहिली गेली यावर अजून वाद आहेत. टर्टुलियन मात्र उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेजचा, इ.स. २०० च्या आसपासचा, आणि त्याच्यासमोरचा पाठ त्या गावचा, त्या काळचा. दोन मोठ्या पोथ्यांहून तो दीडशे वर्षांनी जुना. पुण्यात भांडारकर संस्थेच्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीत सुकथनकरांनी पोथ्यांच्या जोडीला क्षेमेंद्राची भारतमंजरी आणि इ.स. १००० च्या सुमाराचं जुन्या जावानी भाषेतलं रूपांतर साक्षीला घेतलं, ते याच कारणासाठी. ज्याने उतरवून घेतलं त्याच्या काळी पाठ कसा होता, ते त्यातून कळतं.

१५ जून

गटातल्या एका काकांनी एक पत्रक दिलं. त्यात तो नेहमीचा दावा : जगातल्या सगळ्या पोथ्या जळाल्या तरी आद्यपित्यांच्या अवतरणांतून अख्खा नवा करार पुन्हा लिहिता येईल. खाली आकडे. जस्टिन ३३०, आयरेनियस १,८१९, अलेक्झांड्रियाचा क्लेमेंट २,४०६, ओरिगेन १७,९२२, टर्टुलियन ७,२५८, हिप्पोलिटस १,३७८, युसेबियस ५,१७६. एकूण ३६,२८९. हे आकडे मुळात एकोणिसाव्या शतकात जॉन बर्गन यांनी जमवलेल्या प्रचंड सूचीवरून आले आहेत आणि त्या माणसाच्या कष्टांपुढे माझी मान लवते. पण आकडा जितका मोठा तितका माझा प्रश्न लांब पळतो. जस्टिनचे ३३० उतारे घेतले तरी त्यांतला कुठला पोथीतून उतरवलेला, कुठला आठवणीतून, कुठला दोन शुभवर्तमानं एकत्र करून रचलेला, हे पाहावंच लागतं. काकांना तसं सांगितलं. त्यांना वाईट वाटलं, पण नीट ऐकून घेतलं. तक्त्यात एकूण बेरजेचा रकाना ठेवलेला नाही.

२१ जून

टर्टुलियन, ‘प्रार्थनेविषयी’. छोटा ग्रंथ आहे, एका बैठकीत वाचून झाला. तो प्रार्थनेला ‘सगळ्या शुभवर्तमानाचा सारांश’ म्हणतो आणि एकेक वाक्य घेऊन उलगडतो. ‘वाइटापासून सोडव’ झाल्यावर थांबतो. राज्य, सामर्थ्य, गौरव याचं नाव नाही.

पण एक गोष्ट खटकली म्हणून परत मागे गेले. त्याचा क्रम वेगळा आहे : तुझे नाव, मग ‘तुझ्या इच्छेप्रमाणे होवो’, मग ‘तुझे राज्य येवो’. मत्तयाचं पान समोर ठेवून लिहिणाऱ्याकडून अशी अदलाबदल सहसा होत नाही. म्हणजे कदाचित तो कार्थेजच्या मंडळीत म्हटली जाणारी प्रार्थना सांगतोय, पानावरची नव्हे. ‘समोर पोथी?’ या रकान्यात प्रश्नचिन्ह घातलं.

२३ जून

सिप्रियन, कार्थेजचाच बिशप, ‘प्रभूच्या प्रार्थनेविषयी’, इ.स. २५२ च्या सुमारास. हाही वाक्यावाक्याने जातो, हाही तिथेच थांबतो. आनंदाने दुसरी ओळ भरायला घेतली आणि हात थांबला. हे दोन साक्षीदार आहेत की एकच? जेरोम सांगतो की सिप्रियन टर्टुलियन वाचल्याशिवाय एक दिवस जाऊ देत नसे आणि पुस्तक मागताना ‘गुरू आण’ एवढंच म्हणे. शिष्याने गुरूची री ओढली असेल तर दोघांची मिळून साक्ष एकच.

म्हणून शब्द ताडून पाहिले. सिप्रियनचा क्रम नाव, राज्य, इच्छा, म्हणजे मत्तयाचा. गुरूचा क्रम त्याने उचललेला नाही. तेव्हा पाठाच्या बाबतीत तो स्वतंत्र धरायला हरकत नाही.

सगळ्यांत शिकवणारी जागा मात्र पुढे आहे. ‘आम्हांला परीक्षेत आणू नकोस’ हे वाक्य टर्टुलियन तसंच देतो आणि लगेच समजावतो : म्हणजे परीक्षा घेणाऱ्याकडून आम्हांला परीक्षेत नेऊ देऊ नकोस. देव स्वतः कुणाला मोहात पाडतो असं वाटू नये म्हणून. पन्नास वर्षांनी सिप्रियनकडे हा खुलासा खुलासा राहिलेला नाही, तो प्रार्थनेचं वाक्य झाला आहे : ‘आम्हांला परीक्षेत नेले जाऊ देऊ नकोस.’ आणखी दीडशे वर्षांनी ऑगस्टीन नोंदवतो की पुष्कळ जण प्रार्थना करताना असं म्हणतात, आणि ‘आणू नकोस’चा अर्थच ते त्यातून सांगतात. गुरूच्या वहीतली टीप शिष्याच्या तोंडी मूळ पाठ होते, आणि ते होताना आपल्याला चक्क दिसतं. समासातलं वाक्य ओळीत सरकतं असं पाठचिकित्सेवरच्या लेखांत नेहमी वाचते. इथे तेच दोन ग्रंथ शेजारी ठेवून दाखवता येतं. गटाला हे आधी दाखवणार.

१ जुलै

आज गटात एक प्रयोग केला. अकरा जण होतो. सगळ्यांना कोरा कागद दिला आणि योहान ३:१६ आठवणीने लिहायला सांगितलं. पुस्तक बंद. हे वचन पाठ नाही असा ख्रिस्ती माणूस विरळा. तरी अकरा कागदांत तंतोतंत जुळणारे दोनच निघाले, आणि ते नवरा-बायकोचे होते. कुणी ‘प्रीती’ लिहिलं, कुणी ‘प्रेम’. तिघांनी ‘एकुलता एक’ गाळलं. एका आजींनी वचनाच्या शेवटी त्यांच्या लहानपणच्या गीताची अर्धी ओळ जोडली होती आणि ती वचनातलीच आहे यावर त्या ठाम होत्या.

मग मी तोच कागद पुढच्या अभ्यासकाच्या नजरेने पाहायला सांगितलं. हा कागद दीड हजार वर्षांनी सापडला तर तो म्हणेल का की इथल्या पोथीत ‘एकुलता एक’ नव्हतं? खोलीत एकदम शांतता पसरली. बायबल अंगात भिनलं होतं म्हणून आद्यपिते आठवणीतून लिहीत. तो दोष धरायचा नाही, पण त्या उताऱ्यावर पाठाचा निवाडाही करायचा नाही. छोट्या, सहज आलेल्या उताऱ्याला कमी वजन. लांब उतारा, किंवा ज्यावर शब्दाशब्दाने भाष्य चाललं आहे तो, जास्त वजनाचा. आजींनी कागद जपून बायबलात ठेवून दिला.

५ जुलै

ओरिगेन. दोन आठवडे याच्यासाठी राखून ठेवले होते. ‘प्रार्थनेविषयी’, इ.स. २३३ च्या सुमारास, सीझरियात, अम्ब्रोसियस आणि तातियाना यांच्या प्रश्नांना उत्तर म्हणून लिहिलेला.

इथे साक्षीचा दर्जाच बदलतो. ओरिगेन मत्तय आणि लूक दोन्ही समोर ठेवून बसला आहे. दोन्ही प्रार्थना आधी पूर्ण देतो, मग वाक्यं जुळवतो. ‘तुझ्या इच्छेप्रमाणे होवो’पाशी येतो आणि सांगतो की लूक हे वाक्य गाळून पुढे जातो. ‘वाइटापासून सोडव’पाशी पुन्हा तेच, लूकमध्ये हे नाही. ‘रोजची भाकर’मधल्या ‘एपिऊसिऑस’ या विशेषणापाशी थांबतो आणि म्हणतो, हा शब्द ग्रीक विद्वानांपैकी कुणी वापरत नाही, सामान्य बोलण्यातही तो नाही, शुभवर्तमानकारांनीच घडवलेला दिसतो. एका शब्दासाठी इतकं थांबणारा, एकात आहे आणि दुसऱ्यात नाही हे दर वाक्याला सांगणारा हा माणूस. त्याच्या मत्तयात शेवटी पूर्ण ओळ जास्त असती आणि लूकमध्ये नसती, तर त्याने ते सांगितलं नसतं? मला ते शक्य वाटत नाही.

रात्री शेवटची पानं वाचली आणि उठून दिवा लावून पुन्हा वाचली. ग्रंथाच्या अखेरीस ओरिगेन प्रार्थना कशी रचावी ते सांगतो : सुरुवातीला स्तुती, मग आभार, मग पापांची कबुली, मग मागणं, आणि शेवट ख्रिस्ताद्वारे पवित्र आत्म्यात देवाच्या गौरवाने करावा. म्हणजे प्रार्थना गौरवाच्या शब्दांनी संपावी हे त्याचं आग्रहाचं म्हणणं! त्याला दाखला हवा असता तर प्रभूची स्वतःची प्रार्थना हाताशी होती, ‘राज्य, सामर्थ्य आणि गौरव तुझे’. तो दाखला तो देत नाही. प्रकरणामागून प्रकरण त्या प्रार्थनेवर घासून-पुसून काम केलेल्या माणसाला तो सुचला नाही, याचं एकच साधं कारण मला दिसतं. त्याच्या पोथीत ती ओळ नव्हती.

६ जुलै

उलटतपासणी. ओरिगेनचा हा ग्रंथ आपल्याकडे कसा आला? जवळजवळ पूर्ण असा एकाच हस्तलिखितातून, केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजातल्या. चौदाव्या शतकातलं. हजार-अकराशे वर्षांची फट! पण विचार केला तर ही फट उलट आपल्याच बाजूने बोलते. त्या काळचा ग्रीक लेखनिक रोज ती ओळ म्हणत असणार, त्याच्या शुभवर्तमानाच्या पोथीतही ती असणार. नकलेत बदल झाला असता तर ओळ घुसली असती. ती गळण्याचं काही कारण नाही. लेखनिकाच्या सवयीविरुद्ध जो पाठ टिकतो त्यावर भरवसा ठेवता येतो.

हे नेहमी असं सरळ नसतं. सिप्रियनचा वचनसंग्रह तपासायला घेतला तेव्हा माझी फसगत झाली. हार्टेलने १८६८ साली छापलेल्या आवृत्तीतून त्याचे उतारे उतरवून घेतले, दोन दिवस घालवले, आणि मग कळलं की त्या संग्रहासाठी हार्टेलने जे हस्तलिखित प्रमाण मानलं, त्यातली वचनं कुणीतरी आधीच जेरोमच्या भाषांतराशी जुळवून ठेवली होती. सिप्रियनचा खरा जुना लॅटिन पाठ खाली तळटिपांत पडून आहे. दोन दिवसांची नोंद पुसली. मोठ्या अक्षरातलं सोडून बारीक अक्षरातलं आधी वाचायचं, असं भिंतीवर लिहून लावलं.

१४ जुलै

जेरुसलेम. नव्या बाप्तिस्मा घेतलेल्यांना दिलेली पाच प्रवचनं सिरिलच्या नावावर आहेत (काही जण त्याच्या नंतरच्या बिशप योहानाची मानतात, माझ्यासाठी गाव आणि चौथं शतक पुरेसं). पाचव्यात प्रार्थना वाक्यावाक्याने. ‘वाइटापासून सोडव’ झाल्यावर सांगितलं आहे, प्रार्थना पूर्ण झाली की तू ‘आमेन’ म्हणतोस. अगदी वसईसारखं.

मिलानच्या अम्ब्रोसकडेही ओळ नाही, पण प्रार्थनेनंतर धर्मगुरू आपल्या शब्दांत देवाची स्तुती म्हणतो ती तो वेगळी समजावतो. म्हणजे शेवटी काहीतरी गौरवाचं जोडायची ओढ सगळीकडे होती, आणि मिलानला अजून माहीत होतं की जोडलेलं वेगळं आणि प्रभूचं वेगळं.

२० जुलै

डिडाखे, म्हणजे ‘बारा प्रेषितांची शिकवण’. इ.स. १०० च्या आसपासचं छोटं पुस्तक, शतकानुशतकं हरवलेलं. १८७३ साली कॉन्स्टँटिनोपलच्या एका मठाच्या ग्रंथालयात फिलोथेओस ब्र्येन्निओस यांच्या हाती एक जाड पोथी आली, १०५६ साली लेओ नावाच्या लेखनिकाने पूर्ण केलेली. त्यातून हे १८८३ साली छापलं गेलं.

आठव्या प्रकरणात प्रभूची प्रार्थना आहे, जवळजवळ मत्तयाचीच. आणि शेवटी : ‘कारण सामर्थ्य आणि गौरव सर्वकाळ तुझे आहे.’ खाली आज्ञा, दिवसातून तीनदा अशी प्रार्थना करा.

क्षणभर माझी सगळी मांडणी कोसळली असं वाटलं. ओरिगेनच्या सव्वाशे वर्षं आधी ओळ आहे! मग शांतपणे पाहिलं. ‘राज्य’ नाही. दोनच शब्द आहेत. लेओने १०५६ साली आपल्या सवयीने भर घातली असती तर तीनही शब्द आले असते, म्हणजे हे जुनंच आहे. पुढे याच पुस्तकात प्रभुभोजनाच्या प्रार्थना आहेत आणि त्यांच्याही शेवटी हाच दोन शब्दांचा गौरव येतो. तेव्हा ती या मंडळीची कोणत्याही प्रार्थनेनंतर म्हणायची ओळ आहे, आपल्याकडे आरतीनंतर ठरलेला जयघोष येतो तशी.

मग बाकीचे साक्षीदार एका रांगेत लावले. ट्युरिनला असलेली बोबिओची लॅटिन पोथी, इ.स. ४०० च्या सुमाराची, सिप्रियनच्या पाठाच्या अगदी जवळची : ‘कारण तुझे सामर्थ्य युगानुयुग आहे’, एकच शब्द. इजिप्तच्या सहिदिक भाषांतरात सामर्थ्य आणि गौरव. जुन्या सीरियाक भाषांतराच्या क्युरेटन पोथीत राज्य आणि गौरव. शुभवर्तमानातलं लिखित वाक्य गावोगाव असं वेगळं होत नाही. तोंडी म्हटलं जाणारं वाक्य होतं. मुळात तीन शब्द असते तर एकाने दोन गाळले, दुसऱ्याने एक, तिसऱ्याने दुसराच एक, आणि ओरिगेनने सगळे, असं मानावं लागेल. शब्द मुळाशी दाविदाच्या प्रार्थनेतले असावेत, पहिले इतिहास २९:११. देवळात, घरात, ओठांवर वाढत गेले आणि मग एखाद्या लेखनिकाच्या हातून पानावर उतरले.

२८ जुलै

दुसऱ्या बाजूचा सर्वांत मोठा साक्षीदार : क्रिसोस्टम, अँटिऑक, इ.स. ३९० च्या सुमारास, मत्तयावरचं एकोणिसावं प्रवचन. तो ओळ पूर्ण देतो आणि सुंदर अर्थ लावतो. शत्रूची आठवण करून देऊन प्रभूने आपल्याला सावध केलं, मग भीती उरू नये म्हणून राजाची आठवण दिली. राज्य त्याचं आहे तर मग कुणाला भ्यायचं? आत्याच्या घरी काकांच्या फोटोसमोर ती ओळ म्हणणाऱ्यांचे चेहरे मला आठवले.

साक्ष म्हणून हे भक्कम आहे. मत्तयावरचं प्रवचन, वाक्यावाक्याने, गाव माहीत, साल माहीत. चौथ्या शतकाच्या शेवटी अँटिऑकच्या मत्तयात ओळ होती हे त्यावरून नक्की. त्याहून आधी होती हे त्यावरून ठरत नाही. तक्त्यात ओळ भरली, वजन ‘जड’.

३ ऑगस्ट

थोडं आडवळण, पण सोडवत नाही. निसाचा ग्रेगरी, चौथं शतक, प्रार्थनेवरच्या प्रवचनात म्हणतो की लूकमध्ये ‘तुझे राज्य येवो’च्या जागी ‘तुझा पवित्र आत्मा आम्हांवर येवो आणि आम्हांला शुद्ध करो’ असं आहे. आज लूकच्या ग्रीक पोथ्यांत हे शोधू गेलं तर मध्ययुगातल्या अगदी मोजक्या हाती लागतात, त्यांतली एक लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे, अकराव्या शतकातली. ग्रेगरीचं एक वाक्य नसतं तर या पोथ्यांतला पाठ कुणा लेखनिकाची लहर समजून बाजूला टाकला असता. त्याच्यामुळे तो सातशे वर्षांनी मागे जातो. मूळ लूकचा तो नसावा असं मला वाटतं, बाप्तिस्म्याच्या वेळच्या प्रार्थनेचा वास येतो. पण चौथ्या शतकातल्या माणसांनी तो लूकच्या पानावर वाचला होता.

१० ऑगस्ट

गटासमोर तक्ता ठेवला. चर्चा खूप झाली. योग्य आक्षेप एकाच ताईंनी घेतला : टर्टुलियन, सिप्रियन आणि जेरुसलेमचं प्रवचन ही तिन्ही मंडळीत म्हटली जाणारी प्रार्थना शिकवतात. त्यांच्या मौनाने मंडळीतली प्रार्थना कळते, मत्तयाचं पान नाही. बरोबर आहे. तिघांचं वजन ‘जड’वरून ‘मध्यम’ केलं. ओरिगेनचं तसंच ठेवलं, कारण त्याच्यासमोर दोन पुस्तकं उघडी होती. निकालाच्या रकान्यात लिहिलं : ‘मत्तय ६:१३, शेवटची ओळ : मुळात नव्हती, फार लवकर, इ.स. १०० च्या सुमारापासून, प्रार्थनेत म्हटली जात होती. चौथ्या शतकात काही ठिकाणच्या पोथ्यांत आली.’

संध्याकाळी आत्याला फोन केला. सगळं ऐकून तिने विचारलं, “मग मी म्हणू की नको?”

“म्हण गं आत्या. तुझ्याआधी एकोणीसशे वर्षं माणसं म्हणतायत. भाचीने विचारलं तर तेवढं सांग, येशूने ‘वाइटापासून सोडव’पर्यंत शिकवली, पुढचं आपल्या माणसांनी जोडलं.”

ती म्हणाली, “वसईकडचे पुढच्या वेळी आले की मी जरा हळू म्हणेन.”

नवीन शीट उघडली : मत्तय ६:११, ‘एपिऊसिऑस’. पहिली ओळ ओरिगेन, दुसरी जेरोम. जेरोमने या एकाच शब्दाला मत्तयात एक लॅटिन शब्द दिला आहे आणि लूकमध्ये दुसरा.